आलेख सरळ, तारे लांबट: एका माउंटच्या सहा रात्री

पहिल्या रात्रीचे फोटो मित्राने दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवले. देवयानी दीर्घिका ओळखू येत होती, पण भोवतीचा प्रत्येक तारा काडेपेटीतल्या काडीसारखा लांब. खाली एकच ओळ: "गाइडिंग चालू केलं की जाईल ना हे?"

मी कळवलं, अजून चालू करू नकोस. गाइडिंग म्हणजे दुसऱ्या छोट्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि तो हलला की माउंटला टोचून जागेवर आणायचं. माउंट म्हणजे दुर्बिणीला ताऱ्यांच्या वेगाने फिरवणारं यंत्र. मुळात तो का हलतोय हे कळायच्या आत ते सुरू केलं की चुका झाकल्या जातात, मिटत नाहीत. मग पुढचे महिनाभर कुठली चूक कुणाची हेच कळेनासं होतं.

सामान असं होतं. ध्रुवाक्षावर फिरणारा, हँड कंट्रोलरवाला, कुणीतरी आधी वापरलेला माउंट. त्यावर ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची अपवर्ती दुर्बीण. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. पिक्सेलच्या मापाला २०६.२६५ ने गुणून नाभीय अंतराने भागलं की एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती तुकडा मावतो ते मिळतं, इथे १.६ विकला. एक अंश म्हणजे ६० कला आणि एक कला म्हणजे ६० विकला. तारे आकाशात दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकतात, म्हणजे माउंट थांबला तर तारा सेकंदाला नऊ पिक्सेल पळेल. तारा दोन पिक्सेल लांबला तरी डोळ्याला खटकतो. मिनिटभराच्या फोटोत या यंत्राला एवढ्याच चुकीची मुभा असते, हे एकदा डोक्यात बसलं की माउंटबद्दलचा राग बराच कमी होतो.

आधी तारीख

दुसऱ्या रात्री मी तिथे गेलो. त्याची पहिली तक्रार गोटूची, म्हणजे दुर्बीण आपोआप लक्ष्याकडे वळवायच्या सोयीची होती. "कंट्रोलर म्हणतो देवयानी क्षितिजाखाली आहे. काल शेवटी हातानेच शोधली." वर पाहिलं तर देवयानी पूर्वेला चांगली वर आलेली. अलाइनमेंटसाठी, म्हणजे ओळखीच्या ताऱ्यांवरून दिशा पक्की करायला, कंट्रोलर चित्रा आणि स्वाती सुचवत होता. नोव्हेंबरच्या संध्याकाळी चित्रा! सूर्य नुकताच तिच्याजवळून पुढे सरकलेला असतो, ती त्याच्या आगेमागेच मावळते. चित्रा आणि स्वाती संध्याकाळी वर दिसतात त्या मे महिन्यात.

मग उलगडलं. तारीख ५ नोव्हेंबर, त्याने आपल्या सवयीने आधी दिवस आणि मग महिना भरलेला. कंट्रोलर आधी महिना वाचत होता. त्याच्या लेखी ११ मे चालू होता, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांचा फरक आणि आकाश पुरतं उलटं. याची भावंडं म्हणजे वेळक्षेत्राचं अधिक-उणे चिन्ह, रेखांशाची पूर्व-पश्चिम आणि उन्हाळी वेळेचा, म्हणजे घड्याळ तासभर पुढे करण्याचा, हो-नाही प्रश्न. उन्हाळी वेळेला चुकून 'हो' म्हटलं तर दुर्बीण बरोबर १५ अंश बाजूला जाते. म्हणून गोटू किती चुकतोय ते आधी मोजावं. नेमके १५ अंश असतील तर दोष यंत्रात नाही, भरलेल्या आकड्यात आहे.

तारीख सुधारल्यावर चूक दोन-तीन अंशांवर आली. ती सुरुवातीची जागा नजरेने लावल्यामुळे. त्यात वेळ घालवला नाही. लॅपटॉपवर प्लेट सॉल्व्हिंग सुरू केलं. फोटोतल्या ताऱ्यांची नक्षी सूचीशी जुळवून दुर्बीण नेमकी कुठे पाहतेय ते सॉफ्टवेअर सांगतं आणि माउंटला तेवढं सरकवतं. दोन फेऱ्यांत देवयानी चौकटीच्या मधोमध. जाता जाता, ती तीन अंशांहून थोडी लांब आहे आणि या कॅमेऱ्याची चौकट २.८ अंश रुंद. कॅमेरा फिरवून तिला कर्णावर निजवली की मावते.

काडी कुठल्या दिशेची

आता मूळ दुखणं. सर्वात आधी पाच सेकंदांचा एक फोटो काढला. तारे गोल आले. पाच सेकंदांतही लांबट असते तर दोष भिंगाचा, कॅमेरा तिरका बसल्याचा किंवा फोकसचा. माउंटला हात लावायचं कारणच नव्हतं.

मग वीस सेकंदांचा फोटो. पहिली आठ सेकंदं काही करायचं नाही, नंतर कंट्रोलरचं उजवं बटण मंद वेगावर दाबून धरायचं. फोटोत प्रत्येक ताऱ्याचा एक जाड ठिपका आणि त्याला शेपूट. शेपूट ज्या दिशेला ती विषुवांशाची, म्हणजे आरएची दिशा. तिच्याशी काटकोनात क्रांतीची, म्हणजे डेकची. ही खूण कागदावर काढून लॅपटॉपशेजारी ठेवली आणि आदल्या रात्रीच्या साठ-साठ सेकंदांच्या फ्रेम तिच्याशी ताडून पाहिल्या.

काड्या तिरप्या होत्या. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये तिरपेपणा वेगळा. डेकच्या दिशेची लांबी जवळपास तीच, आरएची मात्र कधी शून्य, कधी भरपूर. इथे मला बरं वाटलं. एक चूक सतत चालू असलेली आणि दुसरी येऊन-जाऊन असलेली, असे दोन वेगळे आजार एकाच फोटोत होते. मित्राने आदल्या रात्री ट्रायपॉडला वजन टांगलं होतं, वाऱ्याला आडोसा केला होता, काउंटरवेट तीनदा हलवलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोन्ही चुका मोजायला दुर्बीण खगोलीय विषुववृत्ताजवळ, याम्योत्तर वृत्ताच्या, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, आसपास नेली. तिथे आरएची चूक पूर्ण दिसते. देवयानीपाशी, ४१ अंश क्रांतीवर, ती पाऊणपट होऊन दिसते. गाइडिंगशिवाय तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम २४ मिनिटं घेतल्या, प्रत्येक फ्रेम सॉल्व्ह केली आणि मिळालेले विषुवांश-क्रांती तक्त्यात टाकले.

आरएचा आलेख लाटेसारखा आला. २४ मिनिटांत तीन लाटा, शिखरापासून दरीपर्यंत ४१ विकला. या माउंटच्या आरए चक्राला १८० दाते आहेत. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची, म्हणजे ८६,१६४ सेकंद. भागिले १८०, सुमारे ४७९ सेकंद: मळसूत्री दांड्याची, अर्थात वर्मची, एक फेरी. एक सेकंद कमी आठ मिनिटं. तीन लाटा त्याच्याच. दांडा अगदी गोल कधीच नसतो, म्हणून माउंट दर आठ मिनिटांत थोडा पुढे धावतो, थोडा मागे राहतो. लाटेच्या माथ्यावर आणि तळाशी वेग जवळजवळ बरोबर असतो, त्या मिनिटाच्या फ्रेममध्ये आरएची लांबी शून्य. उतारावर मात्र मिनिटाला पंधरा-सोळा विकला. येऊन-जाऊन असलेली चूक ती हीच. हा बिघाड नव्हे, या वर्गाच्या माउंटचा स्वभाव आहे, आणि गाइडिंग नेमकं याच्यासाठी असतं. लाट सावकाश असते, दोन-तीन सेकंदांनी दिलेली टोचणी तिला पुरते.

डेकचा आलेख मात्र सरळ रेघ. मिनिटाला ९ विकला, एकाच बाजूला.

ध्रुव आणि ध्रुवतारा

माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवापासून एक कला हुकला तर तारा डेकमध्ये मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकला सरकतो. ९ ला ०.२६ ने भागा: जवळपास ३५ कला. पूर्ण चंद्राच्या बिंबापेक्षाही जास्त.

माउंटच्या अक्षातून ध्रुवाकडे पाहायची छोटी दुर्बीण म्हणजे पोलर स्कोप. मी विचारलं, "पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा कुठे ठेवलास?"

"मध्ये. अगदी फुलीवर."

"अरे, तिथे ध्रुव असायला हवा, ध्रुवतारा नाही."

ध्रुवतारा सध्या खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला दूर आहे आणि त्याच्याभोवती रोज एक छोटी प्रदक्षिणा घालतो. म्हणूनच पोलर स्कोपच्या काचेवर मधली फुली असते आणि भोवती वर्तुळ. ताऱ्याने त्या वेळेनुसार वर्तुळावर बसायचं असतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी तो ध्रुवाच्या बराचसा पूर्वेला असतो, तेव्हा फुलीवर आणला की सगळी चूक दिगंशात, म्हणजे डाव्या-उजव्या दिशेत, जाते. याम्योत्तराजवळचा तारा नेमकी तीच दाखवतो. हिशेब इतका चपखल बसला की मला थोडा अभिमानच वाटला, जो पुढच्या तीन रात्री टिकला नाही.

तिसऱ्या रात्री पोलर स्कोप बाजूलाच ठेवला. लॅपटॉपवरून तीन ठिकाणी फोटो घेऊन अक्ष कुठे रोखलाय ते काढायची सोय हल्ली बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. मग स्क्रीनवर पाहत बोल्ट फिरवायचे. इथे एक गोष्ट हाताने शिकावी लागते. दिगंशाचे दोन स्क्रू समोरासमोर एकमेकांना रेटत असतात. एक ढिला केल्याशिवाय दुसरा आवळला तर काहीतरी वाकतं, आणि ते नंतर सावकाश सरळ होत जातं. शेवटी दोन्ही बसवल्यावर पुन्हा मोजायचं, कारण बसवतानाच दोन-तीन कला जातात. पाऊण कलेवर थांबलो. त्याहून खाली जायचा हव्यास गाइडिंग करणाराने धरू नये.

डेक अडून बसतो

मग गाइडिंग. १२० मिलिमीटर नाभीय अंतराची गाइडस्कोप, दोन सेकंदांचे फोटो, सॉफ्टवेअर पीएचडी टू. विषुववृत्ताजवळ कॅलिब्रेशन केलं, म्हणजे कुठल्या टोचणीने तारा कुठे आणि किती सरकतो ते सॉफ्टवेअरला शिकवलं. आरएची लाट पहिल्याच मिनिटात सपाट. डेक मात्र विचित्र वागत होता: तारा किंचित उत्तरेला गेला की दक्षिणेचे हुकूम एकामागून एक जात होते, दहा-बारा सेकंद काहीच घडत नव्हतं, आणि मग अक्ष एकदम उडी मारून पलीकडे. पुन्हा तेच उलट बाजूला.

दिशा बदलताना दाते एकमेकांना भिडायच्या आधी जी मोकळी जागा पार करावी लागते ती बॅकलॅश. मोजमाप आलं ३.४ सेकंदांचं. गाइडिंगचा वेग सेकंदाला साडेसात विकला, म्हणजे २५ विकलांची पोकळी. मित्र सॉफ्टवेअरमधली आक्रमकता, म्हणजे टोचणीचा जोर, वाढवायला निघाला होता. वाढवली असती तर उडी आणखी मोठी झाली असती.

हे काम दिवसाचं. दुर्बीण उतरवली, डेकचा क्लच आवळला आणि दुर्बीण बसते ती खाच दोन्ही हातांनी धरून हलवली. टक, टक. इतका खेळ की कानाला ऐकू येत होता. वर्मच्या घराला दोन्ही बाजूंनी रेटणारे दोन छोटे बिनडोक्याचे स्क्रू असतात. घराचे मुख्य बोल्ट जरासे सैल करून एक स्क्रू अष्टमांश फेरी ढिला, दुसरा तितकाच आवळायचा, बोल्ट बसवायचे, मग पूर्ण वेगाने अक्ष एक पूर्ण फेरी फिरवून ऐकायचं. दुसऱ्या खेपेला टकटक पार गेली आणि आम्ही खूश. पण फेरीत एका जागी मोटरचा आवाज जड झाला, कण्हल्यासारखा. चक्रही अगदी गोल नसतं; जिथे ते किंचित फुगीर तिथे दाते रुतत होते. थंडीत वंगण घट्ट झाल्यावर मोटर तिथेच अडली असती. अर्ध्या अष्टमांशाने मागे आलो. रात्री मोजलं तर बॅकलॅश ०.६ सेकंद. शून्य झाला नाही, करायचाही नव्हता.

दहिवर आणि बारा व्होल्ट

चौथी रात्र. दोन तास सगळं सुरळीत. मित्राने भिंगावर दहिवर धरू नये म्हणून हीटर चालू केला, दुसऱ्या लक्ष्याकडे दुर्बीण वळवली, आणि कंट्रोलरचा पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा पहिल्या पानावर: तारीख भरा. सगळं अलाइनमेंट गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा तासाभरात तेच.

बॅटरीवर मल्टिमीटर: १२.४ व्होल्ट. माउंटच्या प्लगवर: १२.४. "बघ, वीज ठीक आहे," मित्र म्हणाला. पण ते मोजमाप सगळं बंद असतानाचं होतं. हीटर चालू, कॅमेऱ्याचा कूलर चालू, दुर्बीण वेगाने वळतेय, अशा वेळी प्लगवर मोजलं तर १०.६. माउंटला किमान ११ लागतात.

गणित सोपं आहे. बॅटरीपासून ट्रायपॉडवरच्या डब्यापर्यंत पाच मीटर केबल, आत ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार. जाऊन-येऊन दहा मीटर, रोध ०.३५ ओहम. सगळं मिळून पाच अँपिअर ओढले की पावणेदोन व्होल्ट तारेतच संपतात. बॅटरी ट्रायपॉडच्या पायाशी आणली, दोन मीटर लांब आणि २.५ चौरस मिलिमीटर जाड तार घातली. भाराखालचं नुकसान आता ०.१४ व्होल्ट. दहिवर पडायला लागलं की माउंट बिघडतो, हे मित्राचं निरीक्षण चूक नव्हतं. त्याने दोष ओलाव्याला दिला होता, एवढंच.

आलेख सरळ

पाचव्या रात्रीचा गाइडिंगचा आलेख मी जपून ठेवला आहे. दोन्ही रेघा मधल्या रेषेला चिकटून, एकूण विचलन ०.७ विकला. एका पिक्सेलच्या निम्म्याहून कमी. याहून चांगलं या माउंटकडून मागू नये. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम सुरू केल्या.

तारे लांबट.

मित्र काही बोलला नाही. मीही नाही. पुन्हा मोठं करून पाहिलं: चौकटीभर सगळे तारे एकाच दिशेला, एकाच मापाने, अडीच पिक्सेल लांबलेले. ध्रुव चुकला असता तर चौकट गाइड ताऱ्याभोवती फिरली असती आणि त्याच्यापासून दूरच्या कोपऱ्यांत काड्या लांब, वळलेल्या दिसल्या असत्या. तसं काही नव्हतं. पाच सेकंदांच्या फ्रेममध्ये गोल. आलेखाप्रमाणे गाइड तारा जागचा हललेला नाही. दोन्ही खरं मानायचं तर एकच शक्यता उरते: गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या संदर्भात हलताहेत. माउंट गाइडस्कोपचा इमानदारीने पाठलाग करतोय आणि गाइडस्कोपच सरकतेय.

पुरावा फ्रेममध्येच होता. पहिली आणि दोन तासांनंतरची शेवटची फ्रेम एकमेकींवर ठेवल्या. एकच तारा साठ पिक्सेल दूर. तासाला तीस पिक्सेल, म्हणजे ४८ विकला. पाच मिनिटांत चार विकला, तेच अडीच पिक्सेल. या आकड्याला मिलिमीटरमध्ये आणलं तेव्हा मला त्याची खरी कल्पना आली. गाइडस्कोपची नळी दीडशे मिलिमीटर. ४८ विकलांनी झुकायला तिचं एक टोक ०.०३५ मिलिमीटर हललं की पुरे. साध्या कागदाच्या जाडीचा तिसरा हिस्सा, तोही एका तासात.

टॉर्च लावून पाहिलं. गाइडस्कोप फाइंडरसाठीच्या, म्हणजे लक्ष्य डोळ्याने शोधायच्या छोट्या दुर्बिणीच्या, कंसात बसवलेली. पुढे रबरी कडं, मागे नायलॉनच्या टोकाचे दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग. डोळ्याने पाहायच्या फाइंडरला ही रचना उत्तम आहे. इथे दुर्बीण पूर्वेकडून वर येताना वजनाची दिशा बदलत जाते आणि रबर मिलिमीटरचे शतांश दबत जातं. वर गाइड कॅमेऱ्याची केबल मोकळी लोंबत होती, तिचाही ओढा त्यावरच.

धातूची दोन कडी आणली, गाइडस्कोप त्यांत घट्ट बसवली, तिच्या फोकसरचा स्क्रू आवळला, केबल मुख्य दुर्बिणीला बांधून टाकली. याहून लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीला मी हाही खटाटोप केला नसता. तिथे मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून गाइड करणारा ऑफ-अॅक्सिस गाइडर बरा.

हा दोष पहिल्या रात्रीपासून होता. मिनिटाला ९ विकला ध्रुवाची चूक असताना मिनिटाला पाऊण विकला रबर दबल्याची कुणाला दिसणार?

सहावी रात्र

दोन तासांतलं सरकणं आता तीन पिक्सेल. फ्रेमच्या मधे दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल हलवायची, म्हणजे डिदरिंगची, सोय सुरू केली; नाहीतर कॅमेऱ्याचे गरम पिक्सेल एका रेषेत रांगत गेल्यासारखे अंतिम चित्रात उमटतात. याम्योत्तर ओलांडल्यावर माउंट पलटला, म्हणजे दुर्बीण त्याच्या दुसऱ्या बाजूला आली, प्लेट सॉल्व्हने देवयानी परत मधे आणली. गाइडिंग थेट माउंटच्या ड्रायव्हरमधून चालू असल्याने पलटल्यावर डेकची दिशा उलटते हे सॉफ्टवेअरला आपोआप कळलं. वेगळ्या गाइड केबलवर असतं तर कॅलिब्रेशन उलटवायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागली असती.

पाच मिनिटांच्या ३६ फ्रेम घेतल्या. पलटण्याच्या वेळच्या दोन बाद, एक ढगामुळे. उपग्रहांच्या रेघा चार फ्रेममध्ये होत्या, त्या बाद केल्या नाहीत. फ्रेम एकत्र करताना त्या आपोआप गाळल्या जातात.

शेवटच्या चार-पाच फ्रेममध्ये तारे मोठे दिसायला लागले. मित्राचा चेहरा पडला. "आता काय, पुन्हा माउंट?"

मोठं करून पाहिलं. फुगले होते, पण सगळे गोल. तापमान संध्याकाळपासून सहा अंशांनी उतरलं होतं आणि फोकस संध्याकाळचाच होता.